अंबाडी

कवडूजी काउंटरपाशी आला तेव्हा दुकानात कोणी नव्हतं.
तरी तो फवारणीच्या पंपांमागं डोकावून आला,
मग हळूच म्हणाला,
"ताई, अंबाडीले खोडकिडा लागला. काय देशीन?"

मी कृषी पदविका घेतलेली, रजिस्टर उघडलं.
किती एकर?
"एकर नाई. चार झाडं. तीनच धर, एक वाळलं आता."
फूल आलं का? पिवळं, आत जांभळा डोळा?
तो पंख्याकडे बघत राहिला. पंखा बंद होता.
"हे फुलाची अंबाडी नोय."

पान दाखवा, म्हटलं.
टोपीच्या घडीतून त्यानं पान काढलं,
पाच बोटांचं, कडेनं करवतीचे दात,
आणि दुकानभर तो वास सुटला
जो युरियाच्या गोण्यांनाही झाकता येईना.
अंबाडी मी लहानपणापासून खाते,
ज्वारीच्या कण्या घातलेली, वर लसणाचं तेल.
पान तसंच दिसतं, हे खरं.

"कोणासाठी?" मी विचारलं.
"मोठ्या भावासाठी. लटारूसाठी.
वणीच्या जिनिंगात हात गेला त्याचा, कोपरापासून.
हात नाई, पण बोटं दुखतेत रातभर."

माझ्या पाठीमागं बाटल्या ओळीनं उभ्या,
लाल त्रिकोण, पिवळा, निळा.
जे झाडात ओतीन ते लटारूच्या पोटात जाईल.
औषध नाही, म्हटलं.
रजिस्टर मिटलं. त्या दिवशीच्या पानावर
फक्त तारीख आहे.

घटाचे दिवस होते. संध्याकाळी मी गेले,
का गेले, ते दाजींना अजून सांगितलं नाही.
कोठ्यामागं, तुरीच्या दोन तासांच्या मधे
झाड माझ्याहून उंच, शेंड्यानं मान टाकलेली.
पेराखाली भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं,
भोकातून ओला भुसा गळतोय,
आत कोणी सुतार बसवल्यासारखा.

"रातच्याले कान लावला तं आयकू येते,"
लटारू खाटेवरून बोलला.
"कुरकुर, कुरकुर. थांबते. मंग पुन्हा.
मी जागाच रायतो, तेही जागंच."

मी ब्लेड मागितलं. उभा चीर दिला, आडवा नाही,
आडव्यानं पाणी वर चढत नाही.
आत अळी, मळकट गुलाबी, डोकं भाजल्या चण्याचं,
उजेड लागला तशी आखडली.
दुसऱ्या झाडात सायकलच्या आऱ्यानं टोचली,
तिसऱ्यात दोन निघाल्या.
कवडूजीनं तंबाखूच्या डबीत भरल्या, कोंबडीपुढं ओतल्या.
कोंबडीनं एक खाल्ली, उरलेल्यांकडे तिरपं पाहिलं
आणि निघून गेली.

चिंधी लटारूनं स्वतः बांधली.
एक टोक दातात, दुसरं उरलेल्या हातात,
गाठ अशी की बैलानं ओढली तरी सुटू नये.
कवडूजी बाजूलाच उभा होता, पुढं झाला नाही.
त्या घरात तशी रीत असावी.

इतक्यात कुंपणापाशी मोटरसायकल थांबली.
पोलीस पाटील. एक पाय जमिनीवर.
"काय चालू हाये?"
"अंबाडी," कवडूजी म्हणाला.
पाटलानं माझ्याकडं पाहिलं, ब्लेडकडं पाहिलं.
"हो का," म्हणाला. "शेंडे छाट मंग तिचे.
सडकवरून दिसते."
आणि गेला, धूर सोडत.

आठ दिवसांनी बाजाराच्या दिवशी
कवडूजी जुडी घेऊन आला, खरी, हिरवी,
कोवळ्या शेंड्यांची, दांड्या लालसर.
झाडं?
"धरलीत. चिंधीखाली गाठ आली, अंगठ्याएवढी."
झोपला का लटारू?
तो पिशवीचे बंद सोडवत राहिला, लागले नसतील इतका वेळ.
"नाई ना. अळीचा आवाज बंद झाला, तं म्हन्ते
रातच्याले लय सुनं सुनं लागते."

जुडी पाव किलो तरी असेल.
पैसे किती, विचारलं,
तर रागावला.